पाणी छान आहे

ईस्टरच्या शनिवारी सकाळी गुल्वेन केरवेलाच्या सर्फिंगच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं. पॅरिसचं कुटुंब होतं. नवऱ्याने भिंतीला टांगलेल्या जाडजूड वेटसूटला हात लावून बघितला आणि विचारलं, "पाणी कसं आहे हो?"

"पाणी छान आहे," गुल्वेन म्हणाला.

"मग सूट कशाला हवा?" असं म्हणून त्या गृहस्थाने मुलांसाठी एक बादली आणि दोन फावडी घेतली, आणि कुटुंब निघून गेलं.

गल्ल्यामागे बसलेली आनाइग, म्हणजे गुल्वेनची बायको, दार बंद होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "छत्र्यांचं दुकान मांडून बसायचं आणि येईल त्याला सांगायचं, पाऊस पडणार नाही. असा माणूस अख्ख्या फिनिस्तेर जिल्ह्यात तू एकटाच."

"खोटं बोलू?"

"खरं बोल ना एकदा! पाच-चारचा सगळा दांडा तसाच लटकतोय. माझं लग्न झालं तेव्हापासून त्यातले काही मी ओळखते."

पाच-चार म्हणजे छातीपाठीवर पाच मिलिमीटर आणि हातापायांवर चार मिलिमीटर रबर असलेला सूट, थंड पाण्यात सर्फिंग करणाऱ्यांसाठी. अडचण एवढीच होती, की तो विकायचा तर पाणी थंड आहे असं म्हणावं लागतं आणि पोर्झ-मेलेन गावात पाणी थंड नसतं. वारा गार असू शकतो. वाळू गार असू शकते. पॅरिसची माणसं तर बाराही महिने गारठलेलीच असतात. पाणी मात्र छान असतं. फाँश नळवाल्याचा काका एका फेब्रुवारीत होडीतून पडला होता. त्याला बाहेर काढल्यावर कुणीतरी विचारलं, पाणी कसं आहे. त्याचे ओठ हलले. 'छान' असंच म्हणाला, असं जवळ उभ्या असलेल्यांनी सांगितलं. त्यानंतर त्याला इस्पितळात नेलं.

गावातले पुरुष हिवाळ्यात पाण्यात उतरत नसत. लाटा चांगल्या नसतात, हे त्याचं कारण. ते ईस्टरच्या शनिवारी उतरत, तेही तीन-दोनचा पातळ, उन्हाळी सूट घालून, आणि मोसमाचं उद्घाटन झालं असं जाहीर करत. दरवर्षी दहाएक मिनिटांत जोब पाववाल्याला भट्टीत ठेवलेल्या पावांची आठवण होई. पाव जळू नयेत म्हणून बाकीचेही त्याच्याबरोबर बाहेर येत. एवढ्या माणसांची पावांना काय मदत होई, हे कुणी विचारत नसे.

यंदा मात्र एक पाहुणा होता. गुल्वेनची मुलगी रोझेन हिने ज्याच्याशी लग्न ठरवलं होतं तो तिबो, समुद्रापासून दूरच्या लियाँचा. तिथल्या नगरपालिकेच्या तरणतलावांचं पाणी योग्य तापमानाला ठेवणं हे त्याचं काम. गुल्वेनचे गुडघे आता दुकानात दिवसभर उभं राहू देत नव्हते आणि रोझेन-तिबोला दुकान चालवायची फार इच्छा होती. लियाँमधल्या नोकऱ्या सोडतो म्हणून दोघांनी कळवूनही टाकलं होतं. गुल्वेनने मात्र किल्ली अजून खिशातच ठेवली होती.

"पोरगा चांगला आहे," तो आनाइगला म्हणाला होता. "पण आपल्या पाण्याला जो थंड म्हणेल त्याच्या हातात मी दुकान देणार नाही."

आणि नेमका तोच पोरगा त्या सकाळी समुद्रावरून आला तो हातात दोरी बांधलेला थर्मामीटर घेऊन.

"दहा," तिबो म्हणाला.

"काय दहा?"

"पाणी. दहा अंश."

गुल्वेनने थर्मामीटरकडे लांबूनच बघितलं. "लियाँचा आहे ना?"

"हो."

"मग बरोबर."

"थर्मामीटर बरोबर आहे, मी तपासून आणलाय. बाहेर ऊन आहे, हवा अठरा आहे, म्हणून माणूस फसतो," तिबो उत्साहाने म्हणाला. कामाचा विषय निघाला की त्याला समोरच्याचा चेहरा दिसत नसे. "समुद्र आळशी असतो. उन्हाळ्याची ऊब त्याला सप्टेंबरात लागते आणि हिवाळ्याची थंडी तो एप्रिलपर्यंत सोडत नाही. दहा अंशांना पाच-चारच हवा. त्यावर टोपी, बूट, हातमोजे. आणि सूट अंगाला घट्ट बसला पाहिजे. सैल असला की पाणी आत-बाहेर करतं, मग पाच काय आणि दहा मिलिमीटर काय, सगळं फुकट. तीन-दोन सोळा अंशांच्या पुढे."

"हे कुठे वाचलंस?"

"तुमच्याच दुकानात. कोठीच्या दारामागे तक्ता लावलाय."

तो तक्ता सूट बनवणाऱ्या कंपनीने गिऱ्हाइकांना दिसेल असा लावायला पाठवला होता. गुल्वेनने तो दारामागे लावून त्यावर झाडू टांगला होता. त्याने आनाइगकडे बघितलं. आनाइग छताकडे बघत होती.

"आमच्याबरोबर येणार आहेस ना आज?" गुल्वेनने विचारलं. "हा घे." त्याने दांड्यावरून एक तीन-दोन काढून तिबोच्या हातात ठेवला. "आम्ही सगळे हाच घालतो."

तिबोने तोंड उघडलं. रोझेनने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

"तिबो, ऐक. एकच वाक्य आहे. पाणी छान आहे. म्हण बघू."

"पण दहा अंश—"

"बाबांच्या खिशात किल्ली आहे आणि आपल्या खिशात राजीनाम्याची पोच. म्हण."

"पाणी छान आहे," तिबो म्हणाला. बोलताना त्याचा चेहरा शपथेवर खोटं सांगणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"हसून."

तो हसला. रोझेन म्हणाली, राहू दे, न हसताच म्हण.

दुपारी धक्क्याजवळच्या बुटक्या भिंतीवर चौघांनी कपड्यांचे ढीग ठेवले. गुल्वेन होता, जोब पाववाला होता, नळजोडणी करणारा फाँश होता आणि एर्वे होता. एर्वे पूर्वी मच्छीमार बोटीवर कप्तान होता आणि आता गावाच्या बचावनौकेचा प्रमुख. बचावनौकेचं काम स्वयंसेवकांवर चाले आणि स्वयंसेवक हेच चौघे. गुल्वेन इंजिन बघे, बाकीचे दोघे दोर आणि दुर्बीण. कुणी समुद्रात अडकलं की यांचे पेजर वाजत. ते चारही पेजर आत्ता चार विजारींच्या खिशांत होते.

सूट चढवायला वेळ लागला. गुल्वेनने तो घेतला होता तेव्हा त्याचं पोट वेगळं होतं. पाठीची चेन ओढायला एर्वेला एक पाय त्याच्या कमरेला टेकवावा लागला.

"श्वास आत घे!"

"घेतलाय."

"मग हे काय आहे?"

"तो कालचा आहे."

पाण्यात पहिली लाट छातीवर आली तेव्हा पाचही जण एकदम गप्प झाले. मग एर्वे म्हणाला, "छान आहे."

"छान आहे," जोब म्हणाला.

"गेल्या वर्षीपेक्षा छान," फाँश म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बराच वरच्या पट्टीत लागला होता.

"काय जावईबुवा?" गुल्वेनने ओरडून विचारलं.

"छ-छ-छान."

"मान का थरथरतेय?"

"हो म्हणतोय."

चौघे मनापासून हसले. त्या हसण्याने थोडी ऊबही आली. मग पाचही जण आपापल्या बोर्डांवर बसून लाटेची वाट बघू लागले. पुढे जे झालं ते समजायला एक साधा हिशेब पुरेसा आहे. तिबो ठरवून आला होता की हे चौघे बाहेर पडल्याशिवाय आपण पडायचं नाही. आणि चौघांनी, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, ठरवलं होतं की लियाँवाला पडल्याशिवाय आपण पडायचं नाही.

नेहमीची वेळ झाली तसा जोब चुळबुळला. "माझे पाव—"

"आज तुझी बहीण बसलीय ना दुकानात?" गुल्वेन म्हणाला. "सकाळी तूच सांगितलंस."

"हो, पण भट्टीचं तिला—"

"तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, असं तूच म्हणतोस."

जोबने तिबोकडे बघितलं. तिबो जोबकडे मोठ्या आशेने बघत होता. जोबला ती टिंगल वाटली. "आता आठवलं," तो म्हणाला, "पाव सकाळीच झाले." आणि आपल्या सुटकेचं दार स्वतःच्या हाताने लावून तो बसून राहिला.

किनाऱ्यावर आनाइग आणि रोझेन कॉफीचा थर्मास घेऊन बसल्या होत्या. पॅरिसचं कुटुंबही तिथेच होतं. नवरा आतापावेतो एकदा घोट्यापर्यंत पाण्यात गेला होता. "बर्फ आहे, बर्फ!" असं सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडून तो परत आला होता आणि आता ब्लँकेट गुंडाळून सुखाने सँडविच खात होता. आपण काही गमावलं आहे असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

समुद्रात एक सुंदर लाट आली. कुणी हललं नाही.

"ही नको," एर्वे म्हणाला.

दुसरी तिच्याहून सुंदर आली.

"पुढची घेऊ," फाँश म्हणाला. खरं म्हणजे त्याचे हात खांद्यापासून पुढे कुणाचे आहेत, हे त्याला आता नक्की सांगता येत नव्हतं.

जोब त्याच्या आईच्या लोण्याच्या केकबद्दल सांगू लागला. सांगून संपलं, तेव्हा त्याने तेच पुन्हा सुरुवातीपासून सांगायला घेतलं. कुणी अडवलं नाही. गुल्वेन 'छान' म्हणायला गेला तर तोंडातून 'शाण' असं आलं. तिबोने चमकून त्याच्याकडे बघितलं. तक्त्यावर याबद्दलही एक ओळ होती: बोलणं जड होऊ लागलं तर लगेच पाण्याबाहेर पडा.

"आता जाऊ या आपण," तिबो म्हणाला.

"थंडी वाजतेय?" गुल्वेनने विचारलं. त्याच्या निळ्या ओठांवर विजयाची छटा होती.

तिबोला किल्ली दिसली, रोझेन दिसली, राजीनाम्याची पोच दिसली. तो काय उत्तर देणार होता ते कधी कळलं नाही, कारण तेवढ्यात तिसरी लाट आली. तिने विचारपूस न करता त्याला बोर्डासकट उचललं आणि किनाऱ्यावर आनाइगच्या पायांशी आणून टाकलं.

रोझेनने त्याच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं. "परत जा," ती हळूच म्हणाली. "अजून कुणी मोजलं नाही. लाटेने आणलं, असं म्हणता येईल."

तिबोने दात आवळून मागे बघितलं. "जोब एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतोय. तुझ्या बाबांचे शब्द जड झालेत. त्यांना बाहेर काढलं पाहिजे."

आनाइग उठली आणि तोंडाभोवती हात धरून ओरडली, "गुल्वेन! जेवायला!"

समुद्रातून एक हात अर्धा वर आला. "शाण आहे पाणी!"

"मरशील मेल्या!"

"शाण!"

आनाइग खाली बसली. "हे नाही येणार. आता चौघांत आधी कोण बाहेर आला, हे पुढची वीस वर्षं बारमध्ये सांगतील. यांना बाहेर यायला कारण पाहिजे. थंडी सोडून."

तिबोने भिंतीवरच्या कपड्यांच्या ढिगांकडे बघितलं. मग त्याने रोझेनचा फोन उचलला आणि समुद्र-बचाव केंद्राचा नंबर लावला.

"पोर्झ-मेलेनच्या किनाऱ्यासमोर चार माणसं अडचणीत आहेत. बराच वेळ झालाय, पातळ सूट आहेत. बोलणं अडखळतंय."

"गावातली आहेत की पर्यटक?" पलीकडून विचारणा झाली.

तिबोने फोनवर हात ठेवला. "गावातली की पर्यटक, विचारताहेत."

आनाइगने क्षणभरही विचार केला नाही. "पर्यटक सांग. पाण्याचा अंदाज नसलेले."

"पाण्याचा अंदाज नाही त्यांना," तिबो फोनमध्ये म्हणाला. एवढं खरं होतं, आणि त्याहून जास्त त्याला सांगवलं नाही. "दिसायला तरी पर्यटकच वाटतात."

अर्ध्या मिनिटात भिंतीवरच्या चार विजारी एकदम किंचाळू लागल्या.

तो आवाज पाण्यावर पोहोचला तेव्हा एर्वेच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा तो त्याच्या नातवाच्या बारशालाही कुणी पाहिला नव्हता. "ड्यूटी!" तो ओरडला. "कुणीतरी बुडतंय!"

"देवाची कृपा," जोब म्हणाला.

"चला!" गुल्वेन म्हणाला. चौघे एकदम वळले आणि अगदी एका रेषेत किनाऱ्याला लागले. कुणीही पहिलं नव्हतं. फाँश धावताना दोनदा पडला. दोन्ही वेळा तो वाळूवर थोडा जास्तच वेळ राहिला, कारण वाळू उन्हात होती.

"पाणी छान होतं," गुल्वेन तिबोच्या जवळून जाताना म्हणाला. "पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य."

कुणाचीच बोटं चालत नव्हती, त्यामुळे पाठीच्या चेनी उघडल्या नाहीत. चौघे तीन-दोन घालूनच नौकेवर चढले आणि त्यावर नौकेतले अस्तर लावलेले जाड केशरी कोट चढवले. नौकेवर कोट घालणं सक्तीचं असल्याने कुणाला काही म्हणायला जागा नव्हती. टोप्याही सक्तीच्या होत्या.

शोध तासभर चालला. संकटात सापडलेले चार पर्यटक ज्या जागी दिसल्याचं कळवलं होतं तिथे नौकेने अनेक फेऱ्या मारल्या. नौकेवर इंजिनाभोवतीचा भाग विशेष बारकाईने तपासण्यात आला. जोब तर इंजिनाच्या झाकणाला मिठी मारूनच दुर्बिणीतून बघत होता.

"सापडत नाहीत," एर्वे शेवटी म्हणाला.

"आपण अगदी तिथेच होतो," फाँश म्हणाला. "दिसले कसे नाहीत?"

गुल्वेनने इंजिनाकडे, जोबने दुर्बिणीकडे आणि एर्वेने क्षितिजाकडे बघितलं. चार माणसं. पातळ सूट. बोलणं अडखळतंय. केंद्राने हे सगळं वायरलेसवर दोनदा सांगितलं होतं, शिवाय फोन करणाऱ्या तरुणाचे उच्चार लियाँकडचे वाटत होते, हेही.

"आपले आपण बाहेर पडले असतील," एर्वे म्हणाला.

"तसंच असणार," बाकीचे एका सुरात म्हणाले, आणि त्याने तसं वायरलेसवर कळवलं.

धक्क्यावर जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची बातमीदार, कामीय नावाची मुलगी, कॅमेरा घेऊन उभी होती. मोसमाच्या उद्घाटनाचा फोटो काढायला ती आली होती, त्याऐवजी तिला बातमीच मिळाली. केशरी कोटातल्या चौघांना तिने ओळीत उभं केलं.

"पर्यटकांना काय सांगाल?" तिने विचारलं.

एर्वेने गुल्वेनकडे बोट दाखवलं. "हा दुकानदार आहे. ह्याला विचारा."

गुल्वेनच्या हातात एव्हाना कुणीतरी सफरचंदाच्या गरम सायडरचा कप दिला होता. पेय पोटात गेलं होतं, कोट अंगावर होता, समोर कॅमेरा होता. तो सैलावला.

"काय सांगणार?" तो म्हणाला. "सांगून सांगून थकलो. बाहेरून येतात, ऊन बघतात आणि उतरतात. हवा अठरा असली म्हणून काय झालं? समुद्र आळशी असतो! हिवाळ्याची थंडी एप्रिलपर्यंत सोडत नाही. दहा अंश आहे पाणी, थंड आहे! पाच-चारचा सूट हवा. त्यावर टोपी, बूट, हातमोजे. आणि अंगाला घट्ट. तीन-दोन घालून आज आत जाणारा माणूस मूर्ख म्हणायचा."

कामीय लिहून घेत होती. कोटाखालून दिसणाऱ्या त्याच्या तीन-दोनच्या नडग्या तिने पाहिल्या की नाही, हे कळायला मार्ग नाही. बातमीत त्यांचा उल्लेख नव्हता. बातमीत फोटो होता आणि फोटोखाली जाड अक्षरांत गुल्वेनचं पूर्ण नाव आणि 'पाणी थंड आहे!' एवढेच शब्द.

सोमवारी सकाळी गुल्वेन दुकानात आला तेव्हा ते कात्रण काचेवर चिकटवलेलं होतं, मोठं करून. त्याच्या खाली पाच-चारचा सगळा दांडा.

"काढ ते," गुल्वेन म्हणाला.

"का? तू म्हणालास ना?"

"ते पर्यटकांबद्दल होतं."

"हो का? कुठले पर्यटक?" आनाइगने विचारलं. ती उत्तरासाठी अगदी शांतपणे थांबली.

गुल्वेनने बराच वेळ कात्रणाकडे बघितलं. मग कोठीकडे बघितलं. दारामागचा तक्ता आता दाराच्या पुढे आला होता आणि तिबो त्यावरची धूळ पुसत होता.

"शनिवारी तू आमच्याआधी बाहेर आलास," गुल्वेन त्याला म्हणाला.

"हो."

"का?"

रोझेनने हातातला हिशेब खाली ठेवला. तिबोने फडकं घडी करून ठेवलं.

"फोन करायचा होता," तो म्हणाला. "पाणी छान होतं."

गुल्वेनने खिशात हात घातला आणि किल्ली गल्ल्यावर ठेवली. दुकान कुणाला दिलं, कशासाठी दिलं, यावर तो कधी काही बोलला नाही. दुपारी जेवायला गेला तो मागच्या दाराने, कात्रणासमोरून जावं लागू नये म्हणून.

त्याच आठवड्यात एर्वे दुकानात आला. पॅरिसहून भाचा येणार आहे म्हणाला, त्याला पाच-चार हवा. भाच्याची उंची आणि छाती विचारली तर त्याने स्वतःचीच सांगितली. फाँशचा मावसभाऊ येणार होता. जोबचा सैन्यातला जुना दोस्त येणार होता, आणि त्याचे हात पाववाल्यासारखे रुंद होते. पोर्झ-मेलेनमध्ये एवढे पाहुणे कधी आले नव्हते. तिबोने कुणालाही एक प्रश्न जास्त विचारला नाही.

शेवटी एका संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी मागचं दार हळूच उघडलं.

"एक पाच-चार दे," गुल्वेन म्हणाला. "पाहुण्यासाठी."

"कुठून येताहेत?"

"लियाँहून," गुल्वेन म्हणाला. "तिकडच्या लोकांना सोसत नाही."

तिबोने त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दांड्यावरून बरोबर माप काढलं. "पोटाशी घट्ट बसेल, पण तसाच हवा, सांगा त्यांना. सैल असला की पाणी शिरतं."

"सांगेन."

"टोपी?"

गुल्वेनने आधी पुढच्या दाराकडे बघितलं, मग मागच्या.

"दे टोपी पण," तो म्हणाला. "वारा असतो."